मदत हवी आहे : वडिलांची वाहन चालवण्याची चाचणी कोणाकडून करून घ्यावी?

माझे वडील ७६ वर्षांचे असून पुण्यात अजूनही स्वतः मोटार चालवतात. वयाची ५५ वर्षे उलटल्यावर परवान्याचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. मात्र मुदतीत अर्ज केल्यास वाहन चालवून दाखवावे लागत नाही, त्यामुळे कागदोपत्री ते पात्रच आहेत. परंतु गेल्या महिन्यात सोसायटीच्या फाटकाला डावा आरसा घासला, हे मी दाखवेपर्यंत त्यांना कळलेही नव्हते. (डोळे तपासण्याचा विषय काढला की ते माझ्याच चष्म्याचा नंबर विचारतात.) ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रशिक्षकाकडून अशी खासगी चाचणी कोणी करून घेतली आहे का, आणि निकाल प्रतिकूल आल्यावर त्यांचा मान न दुखावता किल्ली कशी मागितली, हे कृपया कळवावे.