मदत हवी आहे : बर्माने तांदूळ कुलपात ठेवला आणि तूर-उडीद मोकळे सोडले, असं का?

मंडळी, नमस्कार.

मी लातूरला एका आडतीवर हिशेब लिहितो. औसा तालुक्यात घरची सहा एकर आहे, त्यातल्या चार एकरांत तूर. सौदा निघायच्या आधी शेतकरी ढिगात हात घालून तूर बोटांतून सोडत उभा असतो आणि विचारतो, "आज लेमन काय म्हणतंय?" लेमन म्हणजे बर्माची तूर. तिचा मुंबईचा भाव सकाळी फोनवर येतो आणि आमचा सौदा त्याच्याकडे बघत चालतो. ज्या देशाचं नाव रोज तोंडात, त्याच्याबद्दल मला टिळकांचं मंडाले आणि रत्नागिरीचा थिबा राजा यापलीकडे काही माहीत नव्हतं. म्हणून वर्षभर मिळेल ते वाचतोय, पण एका ठिकाणी गाडी अडलीय.

आतापर्यंत कळलं ते असं. १८५२ मध्ये दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांनी घेतला. इरावतीच्या मुखाकडची दलदल आणि जंगल मोडून लोकांनी भात लावला, त्याला पैसा पुरवला तमिळनाडूच्या चेट्टियार सावकारांनी. १९३० च्या मंदीत भाताचा भाव कोसळला, कर्ज फिटेना, आणि दशक संपेपर्यंत तिथली जवळपास चौथाई शेतजमीन चेट्टियारांच्या नावावर गेली. हे वाचताना १८७५ चं पुण्याजवळचं सुपे, सावकारांविरुद्ध शेतकरी उठले ते, डोळ्यांपुढे आलं. सावकाराच्या वहीत जमीन जाते ती सगळीकडे सारखीच जाते.

तरी युद्धाआधी हा देश वर्षाला ३० लाख टनांच्या आसपास तांदूळ बाहेर पाठवायचा, जगात पहिला. १९६२ मध्ये सेनापती ने विन लष्करी उठाव करून सत्तेवर आला. बँका, गिरण्या, दुकानं सरकारजमा झाली. शेतकऱ्याला ठरल्या भावाने भात सरकारला घालावा लागे. आपल्याकडची लेव्हीच ती. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा रद्द केल्या, बदलूनही दिल्या नाहीत. धान्य विकून घरात रोख ठेवणाऱ्याचं काय झालं असेल! त्याच वर्षी देश संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित यादीत गेला.

आता माझी अडचण. १९८८ नंतर लष्करानेच कडधान्याचा व्यापार खासगी लोकांना खुला केला, पण तांदळाची निर्यात हातात ठेवली आणि भाताची लेव्ही २००३ पर्यंत चालवली. मग भात निघाला की उरलेल्या ओलीवर उडीद, आणि मधल्या कोरड्या पट्ट्यात तूर, असं पीक वाढत गेलं. मला वाटतं, कारण पोटाचं आहे. तांदूळ महागला की शहर पेटतं, १९६७ मध्ये तिथे तांदळासाठी दंगली झाल्याच होत्या. तूर-उडदाला तिथे ताटात फारशी जागा नाही, त्यामुळे ते बाहेर गेले तरी सरकारला धोका नाही, डॉलर मात्र येतात. हा अंदाज बरोबर आहे का? की आणखी काही कारण होतं? अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दुसरं. २०१६-१७ ला आपल्याकडे तूर उदंड झाली. हमीभाव ५०५०, खरेदी केंद्रावर बारदाना नाही, आमच्या वडिलांनी ट्रॅक्टरखाली झोपून रात्री काढल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. बर्माची तूर बहुतेक आपल्यासाठीच पिकते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्या हंगामात तिकडच्या शेतकऱ्याने काय केलं, कुठे लिहिलेलं सापडेल?

आणि तिसरं, रोजच्या कामाचं. २०२१ च्या लष्करी उठावानंतर सगाईंग आणि मग्वे या तुरीच्याच भागांत लढाई पेटली. निर्यातदाराचे डॉलर सरकारी दराने बदलून घेण्याची सक्ती आली. २०२४ मध्ये एका डॉलरचा सरकारी दर २१०० क्यात होता, बाजारात त्याच्या दुपटीहून जास्त. हा फरक शेवटी कुणाच्या अंगावर पडतो, शेतकऱ्याच्या, यांगूनच्या व्यापाऱ्याच्या की लेमनच्या भावात आमच्या?

यांगूनशी व्यवहार केलेलं कुणी असेल तर दोन ओळी तरी लिहा. मराठीत वाचायला काही असल्यास तेही सांगा, वडिलांना वाचून दाखवायचं आहे.