येझदी २५०: सकाळी एका किकला चालू, घोडबंदरच्या गर्दीत बंद. १२ व्होल्ट किट टाकावं का?

माजिवडा_२५०

नमस्कार मंडळी. गाडी १९७९ची येझदी २५०, ६ व्होल्ट, पॉइंट्सवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क). रिस्टोर केलेली घेतली आहे. टाकी-मडगार्डला नवा रंग, दोन्ही सायलेन्सर नव्याने क्रोम केलेले, सिलिंडर बोअर करून पहिल्या ओव्हरसाइजचा पिस्टन.

थंड असताना एका किकला चालू होते, मोकळ्या रस्त्यावर काहीच तक्रार नाही. पण संध्याकाळी माजिवड्याहून गायमुखकडे हेडलाइट लावून अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगलं की आयडलिंग आपोआप वाढतं, मग फटफट करत गाडी बंद पडते. किक जड होत नाही, म्हणजे पिस्टन जाम होत नसावा. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा चालू होते.

मेकॅनिक म्हणतो, पॉइंट्स काढून १२ व्होल्ट सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) किट टाका. मूळ गाडी बिघडवायची नाही, पण रस्त्यात उभंही राहायचं नाही. दुसरं म्हणजे आताच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं? आणि आरसी जुन्या हस्तलिखित पुस्तकाची आहे, मुदत संपत आली आहे. पुढे काय करायचं?

टूस्ट्रोक_कळवा

किटचं नंतर बघू. गाडी बंद पडते त्या क्षणी, ती थंड व्हायच्या आत, चार गोष्टी याच क्रमाने करा.

आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणातलं श्वासाचं छिद्र बुजलंय. रंगकाम झालेल्या टाक्यांमध्ये हे फार दिसतं, कारण रंग किंवा पॉलिशची भुकटी त्या बारीक छिद्रात जाऊन बसते. मग पेट्रोलची नळी कार्बोरेटरकडून सोडवून बाटलीत धरा. धार सलग हवी, थेंब थेंब नको.

तिसरं, प्लग काढून बघा. ओला असेल तर स्पार्क गेलाय, कोरडा-पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. चौथं, खिशातला चांगला प्लग कॅपला लावून सिलिंडर हेडच्या फिन्सवर टेकवा आणि किक मारा. त्याआधी पेट्रोलची नळी जोडून कॉक बंद करा, बाटली लांब ठेवा आणि प्लग उघड्या भोकापासून दूर धरा. ठिणगी निळी, जाड हवी. पिवळी, लुकलुकणारी असेल आणि पॉइंट्सच्या टोकांवरही मोठी ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर (पॉइंट्सवरची ठिणगी दाबणारा भाग) गेलाय. थंड असताना तो ठीक वागतो, तापला की हात वर करतो.

पण तुमच्या वर्णनात माझं लक्ष एका गोष्टीवर अडकलंय: बंद पडण्याआधी आयडलिंग वाढतं. हे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होण्याचं लक्षण आहे. इंजिन कुठून तरी बाहेरची हवा ओढतंय, आणि पहिला संशय क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) ऑइल सीलवर जातो. रिस्टोरेशनमध्ये रंग आणि क्रोमवर खर्च होतो, ही दोन रबरी सील मात्र कित्येकदा जुनीच राहतात, कारण ती बाहेरून दिसत नाहीत. उजवीकडचं सील गेलं तर डायनॅमोच्या बाजूने हवा आत येते. डावीकडचं गेलं तर क्लचकडचं ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर सुटतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते.

तपासायची पद्धत: दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट आणि कार्बोरेटरचं तोंड जाड ट्यूबच्या रबराने बंद करा. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्याच्या लोखंडी कवचात नळी बसवा आणि ते प्लगच्या जागी आवळा. नळीला बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि डायल जोडा. पिस्टन पूर्ण खाली ठेवून डायलवर २५० पर्यंत हवा भरा, म्हणजे साधारण ५ पीएसआय. काटा पाच मिनिटं जवळजवळ तिथेच राहायला हवा. यापेक्षा जास्त दाब मात्र देऊ नका, चांगलं सीलही सुटेल.

कोपरखैरणे_बेंच

वर लिहिलंय त्याला दुजोरा, पण विजेचा हिशोबही मांडायला हवा.

६ व्होल्टवर ३५ वॉटचा हेडलाइट जवळजवळ ६ अँपिअर खातो. मागचा दिवा पाऊण-एक, इग्निशन कॉइल सरासरी दोनेक. म्हणजे ८ ते ९ अँपिअर सतत जातात, ब्रेक दाबला की त्याहून जास्त. रांगताना डायनॅमो नीट चार्जच करत नाही. १२ अँपिअर-अवरची बॅटरी अशा ओढीला अर्ध्या-पाऊण तासात मान टाकते. व्होल्टेज पडलं की कॉइलची ठिणगीही पडते, कारण या गाडीत इग्निशन बॅटरीवरच चालतं. थोडा वेळ सगळं बंद ठेवलं की बॅटरी किंचित सावरते आणि गाडी चालू होते. तुमचं लक्षण यालाही जुळतं.

मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत ६.३ ते ६.४ हवं. मध्यम रेसवर, दिवे बंद ठेवून, ७ च्या पुढे जायला हवं. जात नसेल तर डायनॅमोचे कार्बन ब्रश, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो भाग) किंवा रेग्युलेटर यांपैकी काहीतरी सुस्त आहे. ६ व्होल्टचे एलईडी बल्ब मिळतात, त्याने ओढ निम्म्याहून कमी होते. घेण्याआधी अर्थ (बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक) कोणत्या बाजूला आहे ते बघा, काही एलईडी उलट जोडणीत लागत नाहीत.

किटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सील गळत असताना किट टाकणं म्हणजे पैसे वाया. ठिणगी उत्तम येईल आणि इंजिन पातळ मिश्रणावर तापत राहील, फक्त आता बंद न पडता थेट पिस्टनला ओरखडे पाडेल. सगळं दुरुस्त करूनही रोज रात्रीची गर्दी काढायचीच असेल तर किट जरूर टाका, पण मूळ डायनॅमो, रेग्युलेटर आणि कव्हर तेल लावून जपून ठेवा, परत बसवता येतं.

सायलेन्सरही बघा. या गाडीला दोन एक्झॉस्ट पोर्ट आहेत. आतली जाळी काजळीने भरली असेल किंवा क्रोमवाल्याने चुकीची घातली असेल तर इंजिन हमखास तापतं. जाळी काढून काजळी जाळून खरवडा आणि दोन्ही बाजूंचा धूर सारखा येतोय का ते हात धरून पाहा.

पामबीच_पहाट

पेट्रोलचं सांगतो. जुन्या मॅन्युअलचं प्रमाण २५ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. नवा बोअर आहे म्हणून पहिले हजार किलोमीटर ५० मिली ठेवा. ऑइल टूटीच (टूस्ट्रोक इंजिनचं), जेएएसओ एफसी किंवा एफडी दर्जाचं. एक गोष्ट बरेच जण विसरतात: ऑइल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण आणखी पातळ होतं. त्यात इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून ई२०वर जुनी जेटिंग (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रांची मापं) आपोआप पातळ पडते. मिकार्ब कार्बोरेटर असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर उचलली जाते. मग मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघा. विटकरी-तपकिरी हवा.

इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्याकडे खाडीची हवा वर्षभर दमट. पाणी ठराविक प्रमाणापलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. कॉक तळाशीच असतो, त्यामुळे इंजिनला तोच थर आधी मिळतो, आणि त्यात टूटी ऑइल जवळजवळ नसतं. टूस्ट्रोकला याहून वाईट काही नाही. गाडी दोन-तीन आठवडे उभी असेल तर चालू करण्याआधी कॉकमधून पारदर्शक काचेच्या बाटलीत १०० मिली काढा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळी रेघ दिसली तर टाकी रिकामी करा.

नळी साधी पीव्हीसीची असेल तर बदला, ती कडक होऊन तडकते. टाकीला आतून कोटिंग केलं असेल तर टॉर्च मारून पापुद्रे सुटलेत का ते बघा. पावसाळ्यात गाडी उभीच ठेवणार असाल तर टाकी आणि फ्लोट चेंबर कोरडे करून टाकीत ५० मिली टूटी ऑइल सगळीकडे फिरवा. प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम धरून क्रोमला ठिपके पडतात. सुती कव्हर, आणि क्रोमवर मेणाचा पातळ हात.

एवढं सांभाळलंत तर ही गाडी भरभरून देते. पहाटे पाम बीच रोडवर पन्नास-साठच्या वेगाने दोन्ही सायलेन्सरचा एकसारखा ठोका ऐकत जाणं, आणि काही झालंच तर फीलर गेज, पेचकस आणि एका प्लगवर ती स्वतःच्या हाताने घरी आणणं, हे सुख आजच्या गाडीत नाही.

वाशी_४३

कागदांचं. विंटेज नोंदणी तुम्हाला अजून मिळणार नाही. २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटावी लागतात. शिवाय विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच मुभा. तुमचा मार्ग फॉर्म २५ भरून पाच वर्षांच्या नूतनीकरणाचा.

मुदत संपायची वाट बघू नका. हस्तलिखित पुस्तक असेल तर आधी ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीत नोंद आहे का बघा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग नोंद (जुनी नोंद संगणकावर चढवणं) करून घ्यावी लागते, वेळ तिथेच जातो. २० वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. विमा आणि पीयूसी चालू हवी. २००० सालाआधीच्या दुचाकीला धुरातली मर्यादा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्के, एचसी (न जळालेलं इंधन) ९,००० पीपीएम. ऑइल बेसुमार घातलंत तर एचसीमध्ये अडकाल.

चेसिस आणि इंजिन नंबरवर रंग बसलेला असेल तर थिनरच्या फडक्याने हळू साफ करा. ग्राइंडर किंवा सँडब्लास्ट अजिबात नको, आकडा पुसट झाला की तपासणीत संशय येतो. कागद ठेवून पेन्सिलने ठसा काढून बघा, प्रत्येक अक्षर उठायला हवं. रंग आरसीवरच्या रंगापेक्षा वेगळा असेल तर त्याचीही नोंद त्याच फेरीत करून घ्या.

माजिवडा_२५०

सगळ्यांचे आभार. झाकणाचं छिद्र मोकळं आहे. बॅटरी उभ्या गाडीत ६.२, हेडलाइट लावून ५.५. दिवे बंद ठेवून रेस दिली तरी ६.३च्या वर जात नाही. बीपीच्या फुग्याने २५० भरलं तर मिनिटभरात १००वर आलं. उजवं कव्हर काढलं तर पॉइंट्सवर आणि कम्युटेटरवर काळपट ऑइल.

टूस्ट्रोक_कळवा

मग दोन्ही दुखणी एकाच सीलची. त्यातून हवा आत जाते, आणि क्रँककेसमधलं ऑइल त्याच फटीतून बाहेर येऊन कम्युटेटर आणि पॉइंट्स माखतं. म्हणून चार्जिंगही नाही.

आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा भाग) क्रँकच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर बसलेलं असतं, हातोडी मारू नका. मधला बोल्ट काढून त्या जागी ओढायचा बोल्ट घाला आणि हळूहळू आवळा, टक्क करून सुटेल. सील काढण्याआधी क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर आधी बेअरिंग बदला, नाहीतर नवं सील थोड्याच दिवसांत जाईल. जुनं सील सोबत न्या, त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. व्हायटॉनचं (इंधन सोसणाऱ्या रबराचं) मागा, ई२०ला तेच टिकतं. स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे, ओठाला टूटी ऑइलचं बोट, आणि बेअरिंगला ऑइल नेणारं छिद्र झाकलं जाणार नाही एवढंच आत.

कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करून फटींमधली घाण सुईने काढा, ब्रश झिजले असतील तर बदला. कंडेन्सर नवाच टाका. आर्मेचर बसवल्यावर पॉइंट्सचा गॅप ०.४ मिमी, प्लगचा ०.६, आणि टायमिंग डायल गेजने पुन्हा लावा. मग फुग्याची चाचणी परत करा. काटा तरीही उतरत असेल तर डावीकडचं सील, त्यासाठी क्लच आणि प्रायमरी चेन उतरवावी लागेल.