उंदरांत संधिवात उभा राहत नाही, कुठं चुकतंय?

प्रश्न (बेळगाव): डीबीए/१ (संधिवात सहज होणाऱ्या जातीच्या) उंदरांना संधिवात व्हावा म्हणून कोलॅजन (कूर्चेतलं प्रथिन) टोचून २८ दिवस झाले. १० पैकी ३ उंदरांचेच पंजे सुजलेत. टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) तपासायच्या आहेत. कृपया सांगा.

उत्तर (खानापूर): बहुधा इमल्शनच (कोलॅजन आणि तेलाचं घोटलेलं मिश्रण) दगा देतं, ताई. गाईचं टाइप-२ कोलॅजन ०.०५ मोलर अ‍ॅसिटिक आम्लात, ४ अंशांवर रात्रभर विरघळू द्या, २ मिग्रॅ प्रति मिली. तेवढंच कम्प्लीट फ्रॉइंड अ‍ॅडजुव्हंट (मेलेले क्षयजंतू असलेलं, प्रतिकारशक्ती चेतवणारं तेल) घालून बर्फातच घोटा. घोटताना तापलं की कोलॅजनची तिपेडी वेणी उसवते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर जास्तच जपायला हवं. थेंब पाण्यावर टाका: मोत्यासारखा घट्ट राहिला तर झालं, पसरला तर परत घोटा. शेपटीच्या मुळाशी, त्वचेच्या आत १०० मायक्रोलिटर. २१व्या दिवशी बूस्टर (दुसरा डोस), इन्कम्प्लीटमध्ये (तेच तेल, जंतूंविना). दिला असेल तर ३५व्या दिवसापर्यंत थांबा, २८ला निकाल लावणं घाईचं.

उत्तर (निपाणी): नर एकत्र ठेवलेत का? भांडतात, चावलेला पंजाही सुजतो आणि सुजेचे गुण (स्कोअर) फुकट वाढतात. सुजलेल्यांना खाणं पिंजऱ्याच्या तळाशीच ठेवा, त्यांना वर चढवत नाही.

उत्तर (बेळगाव): टी-पेशींसाठी हेच कोलॅजनचं मॉडेल योग्य. त्याऐवजी के/बीएक्सएन (आपोआप संधिवात होणाऱ्या) उंदरांचं सीरम टोचलं तर प्रतिपिंडं आयतीच मिळतात. तिथं न्यूट्रोफिल (सूज आणणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी) पुढे, आणि टी-बी पेशी नसलेल्या उंदरालाही सूज येते. मात्र उंदरात आयएल-१७ (टी-पेशींचा सूज वाढवणारा संदेश-रेणू) रोखल्यावर जेवढी सूज उतरते, तेवढा गुण रुग्णांत आला नाही. निष्कर्ष लिहिताना हे विसरू नका.