वजनाचं ऑपरेशन झालंय हे नातेवाइकांना सांगायलाच हवं का?

सहकारनगरची_मी

नमस्कार मंडळी. विषय खाजगी आहे, टोपणनाव आहे म्हणून लिहायचं धाडस करतेय. माझं स्लीव्हचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं. वजन बरंच उतरलं, शुगरची गोळी डॉक्टरांनी बंद केली, बीपीची अर्ध्यावर आणली. तब्येतीची तक्रार नाही. प्रश्न असा आहे की घरातली माणसं सोडून मी हे कोणालाही सांगितलेलं नाही, पुढेही सांगायचं नाहीये, आणि माझी जाऊ म्हणते की हा सरळसरळ खोटेपणा आहे.

माझं म्हणणं मांडते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, भुकेचं हार्मोन जिथे जास्त तयार होतं तो भागही त्यातच जातो. म्हणजे मी कमी जेवते ते मनावर ताबा आहे म्हणून नाही, जागाच नाहीये. अर्धी पोळी, वाटीभर घट्ट वरण किंवा पनीर, की झालं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. आता हे लग्नाच्या पंगतीत कोणाकोणाला समजावत बसू? जिलबीचं ताट घेऊन यजमान समोर उभे, मागे मठ्ठ्याची बादली, शेजारी आत्या म्हणतेय "अगं चिमणीसारखं काय खातेस, आधी तर चांगली जेवायचीस". हे "आधी तर" फार लागतं हो.

आणि सांगितलं तर काय होणार तेही माहितीये. ज्या लोकांनी पंधरा वर्षं मला "जरा तोंडावर ताबा ठेव" सांगितलं तेच म्हणणार, "हां, ऑपरेशन केलं होय, मग काय, सोप्पंय". गुडघा बदलून आलेल्या काकांना कोणी म्हणत नाही की तुम्ही शॉर्टकट मारला. मलाच का? मध्ये तीन-चार महिने केस मूठमूठ गळत होते, दंडाची कातडी अजून लोंबते, सकाळ-संध्याकाळ गोळ्या आहेत. सोप्पं म्हणणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. तेव्हा माझं शरीर, माझी मर्जी. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_पेठकर

ताई, तुमचं पोट, तुमची मर्जी, इथपर्यंत शंभर टक्के मान्य. पण पुढचा प्रश्न तुम्ही शिताफीने टाळलात. "कसं काय केलंस गं एवढं वजन कमी?" असं कोणी विचारलं तर काय सांगता? तिथे गप्प बसणं आणि थाप मारणं यात फरक आहे.

माझ्या बायकोच्या हपिसातली एक बाई अशीच झटक्यात बारीक झाली, विचारलं तर म्हणे रात्रीचा भात सोडला आणि रोज तळजाईला चालायला जाते. झालं, आमच्या घरी दुसऱ्या दिवसापासून रात्रीचा भात बंद. नुसता भात नाही, हळूहळू रात्रीचं जेवणच बंद. सकाळी तळजाई, रविवारी पर्वती, आणि काट्यावर जेमतेम दोन किलो फरक. ॲसिडिटी झाली ती वेगळीच, वर रोज रात्री "माझ्यातच काहीतरी कमी आहे" हे ऐकायला मी होतोच. पुढे कळलं की त्या बाईंचं ऑपरेशन झालेलं. आता मला सांगा, तिच्या प्रायव्हसीची किंमत माझ्या बायकोने का मोजायची? सांगू नका, पण मग खोटं श्रेयही घेऊ नका.

वरणभात

पेठकर, त्या बाईने तुमच्या मिसेसना उपाशी राहायला सांगितलं नव्हतं. हपिसात जाता-येता विचारलेल्या प्रश्नाला कोणी मेडिकल फाईल उघडून दाखवत नाही. बाईचं वजन वाढलं तरी चौकशी, कमी झालं तरी चौकशी. उत्तर खोटं वाटत असेल तर आधी प्रश्न विचारायचं बंद करा की.

खडूस_पेठकर

प्रश्न विचारायचं बंद करा? पुण्यात? बरं.

गोळ्या_वेळेवर

माझं सातारा रोडला मेडिकल दुकान आहे म्हणून जरा वेगळ्या बाजूने बोलतो. आत्याला सांगायचं की नाही ते तुम्ही बघा, पण काही माणसांना सांगणं हा मर्जीचा भागच नाही. तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर, दातांचा डॉक्टर, हाडांचा, आणि हो, आम्ही केमिस्टसुद्धा. कारण कंबर धरली, दाढ दुखली की लोक काउंटरवर येऊन सरळ ब्रुफेन नाहीतर डायक्लो मागतात. बायपास (हार्टचं नव्हे, वजनाचं दुसरं ऑपरेशन, जठर लहान करून आतड्याला जोडतात ते) झालेल्याच्या पोटात जिथे आतडं जोडलेलं असतं तिथे या गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो, स्लीव्हवाल्यांनीही सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नये. समोर बारीक माणूस उभा, त्याने सांगितलं नाही तर आम्हाला कसं कळणार? काही गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या बायपासनंतर नीट लागू पडतीलच असं नाही, तेही डॉक्टरला माहीत असलं तरच तो बदलून देणार.

दुसरं म्हणजे बी-१२, लोह, कॅल्शियम, डी, हे जन्मभराचं आहे. पहिलं वर्ष लोक नेमाने नेतात. मग बरं वाटायला लागतं, वजन उतरलेलं असतं, कौतुक चाललेलं असतं, आणि गिऱ्हाईक यायचं बंद होतं. बी-१२ ची कमतरता लगेच दिसत नाही, हातापायाला मुंग्या यायला लागल्यावर धावपळ. आणि एखाद्याला सारख्या उलट्या होत असतील तर "खाल्लेलं पचलं नसेल" म्हणून घरी बसू नये, बी-१ कमी पडलं तर मेंदूवर परिणाम होतो, ते थांबण्यातलं काम नाही. घरात एकाला जरी हे माहीत असेल तर तो माणूस उचलून दवाखान्यात नेतो.

तिचे_यजमान

वरच्या काकांशी सहमत, आणि आमचा किस्सा सांगतो. बायकोचं बायपास झालंय. आम्हीही कोणाला सांगितलं नव्हतं. चुलतभावाच्या लग्नात हिला इतका आग्रह झाला की दीड जिलबी पोटात गेली, आणि पंधरा-वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात कळ, डोळ्यापुढे अंधारी. डंपिंग म्हणतात त्याला, गोड पटकन आतड्यात उतरलं की होतं. मी होतो बाहेर पार्किंगमध्ये. आत बायकांनी काय करावं, तर शुगर कमी झाली म्हणून हिला साखरपाणी पाजलं!! प्रेमाने हो, कोणाचा दोष नाही, त्यांना माहीतच नव्हतं. त्याने आणखी वाढलं. (जेवणानंतर तास-दोन तासांनी खरोखर शुगर पडते असाही एक प्रकार असतो, तो वेगळा, म्हणून तर अंदाजाने काही देऊ नये.)

त्या दिवसापासून आम्ही सगळ्यांना सांगून टाकलं. आता त्याचं दुसरं टोक ऐका. सगळे हिच्या ताटाचे इन्स्पेक्टर झालेत. चितळेंच्या बाकरवडीचा एक तुकडा उचलला तरी "चालतं का गं तुला?" एवढे पैसे घालून ऑपरेशन केलं आणि तरी खातेस, असा सूर. मध्ये वजन दोन किलो वाढलं तर सासूबाई म्हणजे हिच्याच आई म्हणाल्या, "फुकट गेलं का काय". त्यामुळे सांगावं की नाही यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. मी सांगावं म्हणतो, ही म्हणते परत संधी मिळाली तर अवाक्षर काढणार नाही.

सिंहगड_एक्सप्रेस

मुळात एवढी कापाकापी कशाला? २०२५ मध्ये मौंजारो आलं, मग वेगोवी आलं, आठवड्याला एक इंजेक्शन टोचा आणि मोकळे व्हा. लपवायचा प्रश्नच नाही.

गोळ्या_वेळेवर

इंजेक्शन घेणारे तर कागदात गुंडाळून द्या म्हणतात, तेव्हा लपवायचं राहूच दे. ते औषध चांगलं आहे, पण वेगोवीत जे सेमाग्लुटाइड असतं ते थांबवल्यावर कमी झालेल्यातलं दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आल्याचं अभ्यासात दिसलंय. ऑपरेशननंतरही दुसऱ्या वर्षानंतर थोडं वजन परत येतं, ते खरंय, पण बरंचसं टिकतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या जाड लोकांवर लक्ष ठेवलं गेलं, ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी निघालं, २००७ साली ते छापून आलंय. कोणाला काय योग्य ते त्याचा डॉक्टर बघेल. तो वेगळा धागा काढा.

हिंजवडी_फेज२

मी धागाकर्तीच्या बाजूने. पुरुष आहे, पस्तिशीचा, टीममध्ये कोणालाच माहीत नाही. मॅनेजरला कळलं असतं तर रजेचं कारण "वजन" म्हणून वर्षभर चहाच्या टपरीवर गाजलं असतं. हर्निया सांगितलं, विषय संपला.

फक्त एक. टीम पार्टीत पूर्वीच्या अंदाजाने दोन पेग मारले आणि मला टेबल सापडेना. ऑपरेशननंतर दारू झपाट्याने चढते आणि जास्त वेळ टिकते, काहींना तर पुढे व्यसनच लागतं, हे डिस्चार्जच्या कागदावर होतं पण वाचतं कोण. आता एका मित्राला सगळं माहितीये, तो माझ्या ग्लासात काय आहे ते बघतो. एक माणूस पुरे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची गरज नाही.

वरणभात

आणि मेडिक्लेमचं कोणी बोलतच नाहीये. तिथे मात्र लपवू नका हं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत डायबेटिस, हार्टचा त्रास, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) असं काही असेल तर हे ऑपरेशन पॉलिसीत बसू शकतं, तसा नियम आहे. पण नंतर कंपनी बदलताना फॉर्ममध्ये आधीची सर्जरी लिहायची राहिली तर पुढचा कुठलाही क्लेम अडकवायला त्यांना आयतं कारण. लोंबणारी कातडी काढायचं मात्र बहुतेक ठिकाणी सौंदर्याचं म्हणून नाकारतात, ते पैसे खिशातून धरा.

सदाशिवपेठेतली_मावशी

मुलीने हा धागा वाचून दाखवला, मी सांगतेय आणि ती टाईप करतेय. माझ्या भाचीने असंच केलं. पाडव्याला जेवायला बोलावलं, सगळं तिच्या आवडीचं, श्रीखंड घरी चक्का बांधून केलेलं. तिने चार घास खाल्ले आणि उठून बेसिनकडे. मला काय वाटलं असेल? आधी वाटलं काही गोड बातमी आहे, मग वाटलं माझ्या हातचं नकोय, आता मोठ्या पगाराची झाली. दिवाळीपर्यंत मी तिला फोन केला नाही. मग तिच्या आईकडून कळलं.

अगं सांगितलं असतंस तर मी तुला मुगाचं घट्ट वरण केलं असतं, अंड्याची पोळी केली असती, आमच्याकडे चालतं सगळं. आग्रह करणारी माणसं वाईट नसतात गं. आमच्या पिढीला माया करायची दुसरी पद्धत कोणी शिकवलीच नाही, वाढत राहायचं एवढंच येतं. तू सांगत नाहीस म्हणजे तू ठरवून टाकलंस की मावशीला समजणारच नाही.

सहकारनगरची_मी

मावशी, तुमचं वाचून गलबललं. पण एक सांगू? तुम्ही समजून घेतलं असतं यावर माझा विश्वास आहे. तुमच्या शेजारच्या पाटावर बसलेल्या बाईवर नाही. आणि घरात एकीला सांगितलेलं एकीपाशी राहत नाही, हे तुम्हालाही माहितीये, तुम्हाला तरी कुठे भाचीकडून कळलं.

गोळ्यावाल्या काका, फॅमिली डॉक्टर आणि डेंटिस्टला पहिल्यापासून माहितीये, गोळ्या चालू आहेत, सहा महिन्यांनी रक्त तपासते. ते मी लपवण्यात धरतच नाही. तिचे_यजमान, तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा, मी त्यांच्या पक्षात. दोन किलो वाढले तर माझी मी बघेन, त्यावर पंगतीत चर्चासत्र नको.

पेठकर, तुमचा मुद्दा खरंच बोचला, पण म्हणून मी शस्त्रक्रियेचा कागद गळ्यात घालून फिरणार नाही. कोणी "कसं केलंस" विचारलं की मी म्हणते, "डॉक्टरांकडे ट्रीटमेंट चालू आहे, नुसत्या डाएटने झालेलं नाही." एवढं पुरे ना? यात भात सोडायची थाप नाही. कोणाला खरंच वजनाचा त्रास असेल, एकटी भेटून विचारत असेल, तर तिला सर्जनचं नावसुद्धा देते, दोघींना दिलंय. बाकी चौकशा करणाऱ्यांना तेवढंच.

खडूस_पेठकर

"नुसत्या डाएटने झालेलं नाही" हे वाक्य चालेल. तेवढं त्या हपिसातल्या बाईने म्हटलं असतं तर आमच्याकडे रात्रीचा भात शिजला असता. बाकी जाऊबाईंची बाजू मला अजूनही पटते. घरात रोज एका पातेल्यातलं खायचं, आणि बाहेर कोणी विचारलं की त्या माऊलीने दरवेळी तुमच्यासाठी काहीतरी रचून सांगायचं, हे तिच्यावर का? तिला इथे लिहायला सांगा, तिचंही ऐकू.

सहकारनगरची_मी

सांगितलं. ती म्हणते पुढच्या महिन्यात कर्वे रोडला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न आहे, तिथे तिला कोणी विचारलं तर ती खरं सांगणार, आणि मला चालत नसेल तर मीच तिच्या शेजारी बसू नये. आता बोला!

तिचे_यजमान

पंगतीला बसूच नका, बुफे असेल तर बघा. हातात ताट धरून फिरत राहिलं की कोणी मोजत नाही. आधी पनीर उचला, आणि आग्रह करणारा दिसला की लहान मुलांच्या घोळक्यात शिरा.