मदत हवी आहे: आईचे केस घरच्या घरी पार्लरसारखे सेट करायचे आहेत (मे महिना, चिपळूण)

नमस्कार मंडळी,

मेच्या दुसऱ्या आठवड्यात चिपळूणला माझ्या मामेभावाचं लग्न आहे. आई नवऱ्या मुलाची आत्या, म्हणजे तिची धावपळ आणि फोटो दोन्ही भरपूर. मुहूर्त सकाळी पावणेदहाचा. साडेसातला आवरून कार्यालयात पोचायला हवं. इतक्या सकाळी तिथे पार्लर उघडं मिळणं कठीण, आणि आईचं म्हणणं एकच आहे, "माझे केस तूच कर." माझ्या हातात सव्वा महिना आहे.

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगते. आईने जन्मभर अंबाडा घातला. गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला, फ्रोझन शोल्डर. हात डोक्यामागे जाईना. काही महिने मी नाहीतर बाबा वेणी घालून द्यायचो. मग एक दिवस ती एकटीच जाऊन केस खांद्यापर्यंत कापून आली. आम्ही कोणी काही बोललो नाही, पण त्यानंतर ती आरशासमोर उभी राहीना. भांग पाडायचा, पिना लावायच्या, झालं. जानेवारीत एका साखरपुड्यासाठी मी तिला आमच्या इथल्या पार्लरमध्ये नेलं आणि ब्लो-ड्राय (ड्रायर आणि ब्रशने केस सेट करणं) करून घेतला. परत येताना लिफ्टच्या आरशात तिने मान वळवून मागचं बघितलं. घरात आल्यावर पुन्हा बेसिनच्या आरशात बघितलं. आणि बाबांना म्हणाली, "अहो, एक फोटो काढा ना." तो चेहरा मला लग्नात पुन्हा बघायचा आहे.

आईचं वय 63. केस पातळ झालेत, महिन्यातून एकदा रंग लावते. कपाळावरचे पांढरे केस राठ आहेत, मागचे मऊ आणि मानेवरचे चांगलेच कुरळे. आमच्याकडे पुण्यात पाणी टँकरचं, बादलीला पांढरा थर बसतो असं.

मी 1200 वॉटचा ड्रायर आणि एक बारीक राउंड ब्रश आणला. पहिल्याच दिवशी घोळ झाला. केस धुतले, टॉवेलने पुसले आणि तशाच ओल्या केसांची जाड बट घेऊन ब्रशवर पार मुळापर्यंत गुंडाळली. ब्रश अडकला. सोडवायला वीस मिनिटं लागली. शेवटी खोबरेल तेल चोळून एकेक केस सुईने सोडवला. आई डोळे मिटून बसली होती, एकदाही "हाय" म्हणाली नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. केसांचे दोन पुंजके हातात आलेच.

दुसऱ्या वेळी ब्रश अडकला नाही, पण तासाभरात वरचे केस टाळूला चिकटून चपटे झाले आणि मानेवरचे पुन्हा वळले. पार्लरमध्ये केलेलं तिसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं होतं! फरक कुठे पडतो? पुण्यात तासभर टिकत नाही ते चिपळूणच्या दमट हवेत कसं टिकणार? केस लग्नाच्या सकाळी धुवायचे की आदल्या दिवशी? रोज ड्रायर फिरवून तिचे उरलेसुरले केस खराब तर होणार नाहीत ना? आणि आईला वळेसर (फुलांचा गजरा) माळायचाच आहे. मोकळ्या केसांवर तो कुठे आणि कसा लावू?

ज्यांना हे काम येतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद – कात्री_कंगवा

ताई, मी 14 वर्षं ठाण्यात पार्लरमध्ये काम केलंय, आता घरूनच करते. तुमचं वाचून आधी आईंना नमस्कार सांगावासा वाटला.

तुमची चूक ब्रश धरण्यात नाही, त्याच्या आधी आहे. आमच्याकडे गिऱ्हाइकाला वाटतं की खरं काम राउंड ब्रशचं. पण अर्धा वेळ नुसते केस वाळवण्यात जातो. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. जुना सुती टीशर्ट असेल तर उत्तम. मग ड्रायरचं नोझल, म्हणजे पुढचं चपटं तोंड, काढून ठेवा आणि बोटांनी मुळं उचलत, केस इकडून तिकडे टाकत वाळवा. 80 टक्के वाळल्याशिवाय राउंड ब्रशला हात लावायचा नाही. ओला केस ताणला जातो, तुटतो आणि ब्रशमध्ये गुंततो. तुमचं तेच झालं.

त्यानंतर नोझल लावा. ते चपटं तोंड बरेच जण खोक्यातच ठेवून देतात, पण त्याच्याशिवाय पार्लरची चमक येत नाही. हवा सगळीकडे पसरली की केस पिंजारतात. नोझलचं तोंड नेहमी मुळाकडून शेंड्याकडे, खालच्या दिशेला. केसावर खवल्यांसारखा थर असतो, हवा त्याच दिशेने गेली की तो बसतो आणि केस चमकतो. खालून वर हवा मारली की राठ दिसणारच.

ब्रश बदला. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण 43 ते 45 मिलिमीटरचा घ्या, बारीक ब्रश फक्त कपाळावरच्या बटांना. बट ब्रशच्या रुंदीपेक्षा जास्त घ्यायची नाही आणि इतकी पातळ घ्यायची की पलीकडून ब्रशचे दात दिसले पाहिजेत. केसांचे चार भाग करून क्लिपा लावा आणि सुरुवात मानेपासून करा. कुरळे तिथेच आहेत आणि सुरुवातीला आपल्या हातात जोर असतो. शेवटाकडे आपण दमतो, आई पण दमतात, आणि मान तशीच ओलसर राहते. वरच्या टाळूच्या बटा मात्र खाली ओढायच्या नाहीत. सरळ वर, थोड्या कपाळाच्या दिशेने उचलून मुळाशी हवा द्या. खाली ओढून वाळवलेला केस चपटाच बसणार.

आता टिकण्याचं. बट गरम झाली की लगेच ब्रश काढू नका. थंड हवेचं बटण दाबून दहा-पंधरा सेकंद थांबा, मग ब्रश उलगडा. माझ्या हाताखाली ज्या मुली शिकल्या त्यांना मी हे रोज सांगायचे, कारण घाईत सगळ्यात आधी हेच राहून जातं. टाळूवरच्या तीन-चार बटांना गरम असतानाच व्हेल्क्रो रोलर (केसांना आपोआप धरून राहणारे) लावून ठेवा आणि आईंना चहा द्या. पूर्ण गार झाल्यावर रोलर काढा. कंगवा नको, बोटं फिरवा.

आणि आईंना हात नसलेल्या खुर्चीत बसवा, म्हणजे तुम्हाला चहूबाजूंनी फिरता येईल. मानेचे केस करताना त्यांना मान खाली घालून कपाळ टेबलावरच्या उशीवर टेकू द्या. खांद्यावर ताण येणार नाही.

प्रतिसाद – बीकर

वरच्या प्रतिसादातलं थंड हवेचं कारण सांगतो, म्हणजे चिपळूणचं कोडंही सुटेल.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्यांना बांधून ठेवणारे काही बंध पक्के असतात, ते स्ट्रेटनिंग किंवा पर्मिंगच्या रसायनांनीच तुटतात. दुसरे कच्चे असतात, हायड्रोजन बंध. ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना, गार होताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ब्लो-ड्राय हा सगळा या कच्च्या बंधांचा खेळ. म्हणून गरम बट ब्रशवरून सोडली की ती लोंबत्या आकारात गार होते आणि मेहनत वाया जाते. आणि दमट हवेत काय होतं? हवेतली वाफ केसात शिरते आणि तेच बंध हळूहळू सुटतात. कोकणात केस 100 टक्के कोरडा करूनच थांबायचं. वाळला असं वाटलं तरी पाच मिनिटं गार होऊ द्या आणि मुळाशी बोट घाला. गारवा लागला तर आत ओल आहे.

ड्रायरने केस खराब होतात का, तर अंतरावर अवलंबून आहे. कोरियातल्या संशोधकांचा 2011 सालचा एक अभ्यास आहे. 15 सेंटिमीटरवर ड्रायरची हवा साधारण 47 अंशांची होती, 5 सेंटिमीटरवर 95 अंशांची. जवळून मारलेल्या गरम हवेने केसाच्या पृष्ठभागाचं नुकसान वाढलं. पण केस आपोआप वाळू दिले तेव्हा ते फार वेळ ओले राहिले आणि आतल्या पेशींना जोडणाऱ्या थरात बिघाड दिसला. 15 सेंटिमीटर लांबून, हात सतत हलता ठेवून वाळवणं त्यांना योग्य वाटलं. नोझल लावून ब्रशवर काम करताना आपण जवळ येतोच, तेव्हा उष्णता मध्यमवर ठेवा आणि एका जागी थांबू नका. सराव रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे.

आणखी एक. 2000 वॉटचा ड्रायर घ्यायच्या मोहात पडू नका. तो जवळपास 9 अँपिअर ओढतो, त्याला गीझरचा 16 अँपिअरचा मोठा प्लग लागतो. तुमचा 1200 वॉटचा साध्या प्लगवर चालेल. इन्व्हर्टरवर मात्र तोही लावू नका. लग्नघरात आदल्या दिवशीच प्लग बघून ठेवा.

प्रतिसाद – वाशिष्ठीकाठ

माहेर चिपळूण, सासर मस्कत, त्यामुळे दोन्हीकडच्या दमटपणाशी ओळख आहे. 😊

केस आदल्या दिवशी संध्याकाळी धुवा. ताजे धुतलेले केस निसरडे असतात, आकार धरत नाहीत. त्या आठवड्यात तेल लावलं असेल तर दोनदा शांपू, कंडिशनर फक्त शेंड्यांना, मुळांना थेंबही नको. पातळ केसांवर सिरमसुद्धा वाटाण्याएवढंच आणि तेही कानाच्या खाली. मुळांना थोडं मूस (केस सेट करायचा फेस) लावून मग वाळवा. पुण्यात सराव करताना शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घाला. टँकरच्या पाण्यातल्या क्षारांनी केस राठ होतात, आणि आपल्याला वाटतं हातच चुकतोय.

रात्री उशीवर जुनी रेशमी ओढणी पसरा. सकाळी केस ओले करायचे नाहीत. टाळूवर रोलर लावा, ड्रायरची गरम हवा दोन मिनिटं, मग थंड, आणि साडी नेसून होईपर्यंत रोलर तसेच राहू द्या. शेवटी लांबून हेअरस्प्रे. ब्लाउज मात्र आधीच घालून घ्या, नाहीतर डोक्यावरून काही काढाघालायची वेळ आली तर सगळं विस्कटेल.

वळेसराचं: फुलवाला पाणी मारून देतो. तोच ओला वळेसर केसांत खोवला की त्याखालचा भाग अर्ध्या तासात बसतो. आणल्यावर झटका, सुती फडक्यावर पसरून ठेवा. दोन्ही कानांवरच्या बटा मागे घेऊन छोटी क्लिप लावा आणि वळेसर त्या क्लिपेला अडकवा, मोकळ्या केसांना नाही. अबोलीचा असेल तर हलका, मोगऱ्याचा भरगच्च असेल तर एकच पदर ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिसरा सराव झाला. 45 चा ब्रश आणला, नोझल पहिल्यांदा लावलं. वाळवण्यातच पंचवीस मिनिटं गेली, आणि त्यानंतर ब्रश असा फिरला की मलाच खरं वाटेना. एकदाही अडकला नाही. थंड हवेला मी मनात पंधरा आकडे मोजत होते, तर दोन-तीन बटांनंतर आईच मोठ्याने मोजायला लागली. कपाळ उशीवर टेकवण्याची सूचना तिला फार आवडली, मानेचे केस होईपर्यंत तिला चक्क डुलकी लागली.

सकाळी 11 ला केलं होतं, आता रात्रीचे 9 वाजलेत आणि टाळूवरचे केस अजून उचललेले आहेत.

धागाकर्ती

चिपळूणहून लिहितेय, लग्न छान पार पडलं. आदल्या संध्याकाळी केस धुतले, सकाळी सहाला रोलर लावले. अक्षता पडल्या तेव्हा केस अगदी जसेच्या तसे होते. जेवणाच्या पंगतीपर्यंत मानेवरचे थोडे वळले. तिथे घाम येतो, आणि आदल्या रात्री वीज गेल्यामुळे तो भाग मी जरा लवकर सोडला होता. समोरचं आणि टाळूवरचं संध्याकाळपर्यंत टिकलं. अबोलीचा वळेसर क्लिपेला अडकवला होता, तो हललासुद्धा नाही. मामी तीनदा विचारून गेली की कुठल्या पार्लरला गेला होतात. आईने दर वेळी माझ्याकडे बोट दाखवलं.

जुलैत बाबांची पंचाहत्तरी आहे आणि आईने आत्ताच सांगून ठेवलंय. कात्री_कंगवा ताई, माझे रोलर 36 मिलिमीटरचे आहेत, समोरच्या लांब बटांना ते लहान पडतात आणि वळण फार घट्ट येतं. त्यांना कोणत्या मापाचे घेऊ? आणि जुलैच्या पावसात मूस थोडं जास्त घेतलेलं चालेल का?