आठ वर्षांचा ऑस्कर गेला. माझ्या हातून गेला का, खरं सांगा

विक्रोळीची आई

नमस्कार. घरात कुणाला विचारता येत नाही म्हणून इथे विचारते. आमचा मन्या गुरुवारी पहाटे गेला. ऑस्कर मासा, अकरा इंचांचा.

२०१६ च्या डिसेंबरात लेक पहिलीत होता. चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय बघून आला आणि महिनाभर त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मग कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून पिशवीत घेऊन आलो, माझ्या अंगठ्याएवढा. दोन वर्षांत दोन फुटी टाकी पुरेना. बोनसमधून चार फुटी घेतली, आणि लोखंडी स्टँडला जागा हवी म्हणून दिवाण काढला. तेव्हापासून आम्ही तिघं खाली गादी घालून झोपतो.

मी कामावरून आले की चप्पल काढायच्या आत हा काचेशी हजर. पाणी बदललं की रुसायचा, तळाशी आडवा पडून राहायचा, तासाभराने उठायचा. बुधवारी मी कोलंबी सोलायला बसले की त्याला कसं कळायचं कोण जाणे, या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. दोन कोलंब्या त्याच्या, धागा काढून, तुकडे करून. मग आमचं कालवण.

आता काय झालं ते सांगते. गणपती तोंडावर आले म्हणून गेल्या रविवारी सगळं घर घासायला काढलं. टाकीचं पाणी जवळपास सगळं उपसलं. एरवी मी नळाचं पाणी रात्रभर ड्रममध्ये ठेवते, त्या दिवशी पाणी जायची वेळ झाली होती म्हणून थेट पाइप लावला. फिल्टरचा स्पंज काळा पडला होता, तोही नळाखाली धुतला, अगदी नवा दिसेपर्यंत. लेक मदतीला होता. सोमवारी रात्री मन्या वर येऊन तोंड उघडबंद करायला लागला. कल्ले लाल. दुकानातून निळं औषध मिळालं, ते घातलं. बुधवारी कोलंबीकडे बघितलंही नाही.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एवढा मोठा होता, तळायचा की!" त्या वाईट नाहीत, माझ्या बाळंतपणात त्यांनीच डबे दिलेत. पण मी आत जाऊन नळ सोडून रडले. आमच्या घरी बोंबील, बांगडे, सगळं शिजतं. मग एका माशासाठी असं रडू का येतं, तेही कळेना. कुणी म्हणालं खाडीत सोड. नाही सोडला. इमारतीमागे शेवग्याखाली हातभर खोल खड्डा केला, मांजरं उकरू नयेत म्हणून वर फरशी ठेवली.

माझ्या चुकीने गेला का? आणि लेक, दहावीत आहे, तो टाकीची मोटर बंद करू देत नाही. एक शब्द बोलत नाही. काय करू?

टाकीवाला, कुर्ला

ताई, खरं मागितलंत म्हणून खरंच सांगतो. हो, बहुतेक त्या रविवारच्या धुण्यानेच.

स्पंजवरचा तो काळा चिकट थर म्हणजे नुसती घाण नसते. त्यात जिवाणू राहतात. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, तो विषारी. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे बरंच सौम्य. ही वसाहत नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन तिला मारतो, आणि थेट कल्ल्यांवरही बसतो. सगळं एकाच दिवशी झालं. अकरा इंची मासा म्हणजे अमोनियाही भरपूर. निळ्या औषधाने उरलेसुरले जिवाणूही जातात, पण ते तुम्हाला दुकानात सांगायला हवं होतं.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: एका वेळी पाव ते तिसरा हिस्साच पाणी बदला, ते रात्रभर उघडं ठेवलेलं किंवा अँटी-क्लोरीन घातलेलं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच, बादलीत हलकासा पिळा. मासा वर येऊन धापा टाकू लागला तर खाणं बंद, हवा वाढवा, आणि मुरवलेल्या पाण्याने अर्धं पाणी लगेच बदला.

ऑस्कर दहा-बारा वर्षंही जगतो. म्हणजे त्याची काही वर्षं गेली, ते मी लपवत नाही. पण माझे पहिले तीन ऑस्कर वर्षाच्या आत गेले, असेच, नळाखाली स्पंज धुऊन. तुम्ही साडेआठ वर्षं ड्रम भरून ठेवलात. खाडीत टाकला नाहीत तेही बरं केलंत. आजारी मासा असा सोडला की रोग पाण्यात जातो.

वर्सोव्याची लेक

ताई, आम्ही कोळी. माझे बाबा पस्तीस वर्षं होडीवर होते. आमचं घर मासळीवर उभं आहे.

त्याच बाबांनी धाकट्या भावासाठी गोल्डफिश आणली होती. ओटीवर काचेची छोटी टाकी. बाबा समुद्रावरून आले की अंगाचा वास जायच्या आधी तिच्याशी बोलायचे. एकदा पाहुण्यांनी तिला मासळी म्हटलं, तर बाबा म्हणाले, "ती मासळी नाय, ती राणी हाय." ती मेली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे होडी घेऊन गेले, मासळी आणली, आईने विकली. दोन्ही खरं होतं. तुम्ही रडा, कुणाला हिशोब देऊ नका.

रात्रपाळी

एकच विचारतो. मन्या कशामुळे गेला, ते मुलाला सांगितलंत का? टाकीवाल्यांचं उत्तर त्याला वाचू द्या. मोटरची घाई करू नका.

विक्रोळीची आई

सगळ्यांचे आभार. टाकीवाले दादा, तुम्ही नाही म्हणाला असतात तर माझा विश्वास बसला नसता.

काल रात्री लेकाला फोन दिला, वाच म्हटलं. त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "स्पंज मी धुतला होता, आई."

मी विसरलेच होते. पाइप मी धरला होता, नळाखाली तो होता. काळं पाणी निघायचं थांबलं तेव्हा त्याने मला हाक मारून दाखवला होता, आणि मी शाबास म्हटलं होतं. इतके दिवस तो हेच पोटात धरून बसला होता, आणि मी मोटर बंद कर म्हणून मागे लागले होते.

म्हटलं, मी सांगितलं म्हणून तू धुतलास. तेव्हा रडला. बारा वाजून गेले होते. हेही उठून बसले. मग तिघं मन्याचंच बोलत बसलो. लहान असताना याची पेन्सिल टाकीत पडली, तर मन्याने ती तोंडात धरून कोपऱ्यात नेऊन ठेवली होती, ते यालाच आठवलं.

आज बुधवार. कोळीण दारात आली होती, तिला पुढच्या आठवड्यात ये म्हटलं. मोटर चालू आहे. गणपतीनंतर बघू.