हेड गॅस्केट जायच्या आधी गाडीने काय इशारा दिला होता? अनुभव लिहा

लोकहो, जुनी पेट्रोल गाडी आहे, कूलंट (रेडिएटरचं पाणी) हळूहळू कमी होतंय, खाली थेंब गळत नाही, टेंपरेचरचा काटा पण मधेच. गॅरेजवाला डायरेक्ट हेड (इंजिनचा वरचा भाग; तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील म्हणजे हेड गॅस्केट) उतरवू म्हणतोय. ज्यांचं खरंच गेलंय त्यांनी आधी काय दिसलं ते सांगा, ऐकीव नको.

घाटकरी
आमच्या डिझेलचं कशेडीत गेलं, बोगदा नव्हता तेव्हा. सपाटीला काही नाही, चढ लागला की काटा वर, उतारावर परत खाली, त्यामुळे घरात सगळे म्हणायचे लोड आहे म्हणून होतंय. महाडच्या मेकॅनिकने सकाळी गार इंजिन स्टार्ट केलं आणि रेडिएटरचा वरचा होस नुसता हाताने दाबून बघितला, मिनिटभरात टणक! म्हणाला इंजिन अजून गार आहे, मग पायपात प्रेशर आलं कुठून, सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. कूलंटच्या टाकीत बुडबुडे पण येत होते, थांबतच नव्हते.

चौथा गिअर
माझ्याकडे काटा कधीच चढला नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी थरथरायची, एक सिलिंडर मिस, थोड्या वेळाने एकदम ठीक. रात्रभर कूलंट आत झिरपायचं ना. प्लग काढले तर तीन तपकिरी आणि एक धुवून काढल्यासारखा स्वच्छ, तिथेच कळलं. पांढरा धूर थंडीत सगळ्याच गाड्या सोडतात हो, इंजिन तापल्यावरही चालू राहिला आणि गोडसर वास आला तर समजायचं.

नाशिकची ताई
उलटा अनुभव. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला आणि गॅरेजमध्ये लगेच हेड खोलायची भाषा. पावसाळा होता, ऑफिस घराजवळ, इंजिन पुरतं तापायचंच नाही, ती नुसती वाफ साठलेली. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल स्वच्छ होतं. दुसरीकडे निळ्या द्रवाची टेस्ट करून घेतली, रेडिएटरच्या तोंडावर नळी लावतात, आत जळका गॅस असेल तर ते पिवळं होतं. निळंच राहिलं. कूलंट कमी व्हायचं कारण निघालं रेडिएटर कॅप, रबर कडक झालेलं! धागाकर्ते, आधी कॅप बघा आणि ही टेस्ट करा, मग हेड.

मिनेसोटावाला
इकडे बर्फात हीटरनेच आधी सांगितलं. सिग्नलला थांबलो की गार हवा, रेस केली की गरम. पाण्यात हवा शिरत होती.

लेथ आणि मी
गेलंच असेल तर नुसतं गॅस्केट बदलून गाडी घेऊ नका रे. बऱ्याच गाड्यांत हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, अॅल्युमिनियम साधारण दुप्पट प्रसरण पावतं, ओव्हरहीट झालं की हेड वाकतं. लेथवाल्याकडे सरळपट्टी ठेवून बघायला सांगा, क्रॅक चेक करा, लागलं तर फेसिंग (घासून सपाट करणं). बोल्ट कंपनीने एकदाच वापरायचे म्हटले असतील तर नवेच. आणि मुळात तापली का ते शोधा, आमच्याकडे फॅनचा रिले गेला होता, तो तसाच ठेवला असता तर नवं गॅस्केट पण उडालं असतं. रेडिएटरमध्ये लीक बंद करायची बाटली ओतू नका, हीटरच्या नळ्या चोंदतात.

घाटकरी
ताई, ती निळी टेस्ट डिझेलला चालते का?

नाशिकची ताई
चालते, पण काही किटमध्ये डिझेलसाठी द्रव वेगळं येतं, तेवढं आधी विचारून घ्या दादा.